मैदान आहे, शिकवणारे माणूस हवे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ सांगायला सांगितले आहे. मी बरीच वर्षे शिकागोजवळ राहते. पण स्वतःचे सांगण्यापेक्षा तिथल्या एका प्रशिक्षक बाईंची कारकीर्द सांगते. ती आपल्या शाळेच्या उपयोगाची आहे.

त्यांचे नाव केली अमॉन्टी हिलर. खेळ लॅक्रॉस. काठीच्या टोकाला जाळीची झोळी असते. तिच्यात चेंडू झेलायचा, पळत न्यायचा आणि गोलात फेकायचा. मूळचा हा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा खेळ.

शिकागोच्या उत्तरेला, इव्हान्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. तिथे 1982 ते 1990 सिंडी टिमचल या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. पुढे त्या मेरीलँड विद्यापीठात गेल्या आणि 1992 मध्ये नॉर्थवेस्टर्नचा संघ बंद झाला. हौशी मुली क्लब करून खेळत राहिल्या. पण विद्यापीठाचा अधिकृत संघ जवळजवळ दहा वर्षे नव्हता.

मेरीलँडमध्ये टिमचल बाईंनी आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांतली सात, 1995 ते 2001, सलग! केली त्यांचीच विद्यार्थिनी. 1995 आणि 1996 च्या विजेत्या संघांत ती होती. नॉर्थवेस्टर्नने संघ पुन्हा उभा करायचे ठरवले, तेव्हा बोलावले ते ह्याच शिष्येला. तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती.

हा खेळ त्या काळी मुख्यतः अमेरिकेच्या पूर्व भागातला. तयार खेळाडू तिकडच्याच नावाजलेल्या विद्यापीठांत जात. नव्या संघाकडे कोण येणार? मग केलीबाईंनी विद्यापीठाच्या आवारातच शोध सुरू केला. एकदा दोन जुळ्या बहिणी धावताना दिसल्या. लॅक्रॉस त्या कधी खेळल्या नव्हत्या. बाईंनी त्यांचे पळणे पाहिले आणि संघात यायला सांगितले.

2002 च्या पहिल्या हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. 2005 मध्ये मात्र 21 सामने आणि 21 विजय! अंतिम सामन्यात व्हर्जिनियाला 13-10 असे हरवले, आणि त्या दोघी बहिणी विजेत्या संघात होत्या. 2009 पर्यंत सलग पाच विजेतेपदे, मग 2011 आणि 2012.

टाळ्या इथे वाजवू नका, कारण खरी गोष्ट पुढे आहे. त्यानंतरचे विजेतेपद आले थेट 2023 मध्ये. मधली दहा वर्षे विद्यापीठाने बाईंना ठेवले आणि बाईही टिकल्या. दरम्यान त्यांच्या मुलीच प्रशिक्षक झाल्या. 2005 च्या संघातल्या लिंडसी मंडे यांनी लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नवा संघ उभा केला. एका बाईंना शिकवायला जागा मिळाली, त्यातून इतके घडले.

आता आपल्याकडे येते. आमच्या वेळी शाळेचा मुलींचा खो-खो संघ जिल्ह्याला जायचा. खेळाच्या बाई निवृत्त झाल्या, ती जागा भरली गेली नाही आणि संघ बंद पडला. काल मैदानावर जाऊन आले. दोन्ही खांब अजून उभे आहेत. मधल्या सुट्टीत मुली त्यांना टेकून डबा खातात.

आपण जमवलेला निधी नव्या प्रवेशद्वारासाठी द्यायचा असे ठरते आहे. कमान छान दिसेल, आपल्या बॅचचे नावही राहील. तरी माझी विनंती आहे, ती रक्कम एका प्रशिक्षक बाईंच्या पाच वर्षांच्या मानधनासाठी ठेवूया. सरावानंतर वाडीवस्तीवरच्या मुलींना घरी पोचवायला रिक्षाचा खर्चही त्यातच धरूया. नाहीतर अंधार पडायच्या आत घरी ये म्हणून निम्म्या मुली सरावाला थांबणारच नाहीत.

आणि पहिली दोन वर्षे मुली हरतील. तेव्हा ‘पैसे वाया गेले’ असे कोणी म्हणू नये. कोणती मुलगी पळते हे बाईंना आधी पाहू द्या.

माझा वाटा मी आज संयोजकांकडे देत आहे. कमानीच्या बाजूने ज्यांचे मत आहे, त्यांनी जेवणाआधी माझ्याशी जरूर बोलावे. निर्णय सगळ्यांचा आहे, पण तो आज व्हावा.