पेशीतील मूक कारभारी

(हर्णे येथील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोरील भाषण)



हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा तेथील प्रत्येकाने जाळे टाकलेले नसते. कोणी बर्फ आणतो, कोणी टोपल्या वाहतो, कोणी भाव पुकारतो. त्यांच्यावाचून मासळी बाजारात पोहोचत नाही. सजीवांच्या पेशीतही असा एक वर्ग आहे.

जनुकाची नक्कल आरएनए या रेणूत उतरते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते, हे शाळेत शिकविले जाते. परंतु कित्येक आरएनए प्रथिनाचा आराखडा वाहून नेत नाहीत. ते स्वतःच काम करतात. प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमचा गाभा आरएनएचा असतो, अमिनो आम्ले तेथे आणून देणारेही आरएनएच. मानवी जनुकसंचाचा जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनांसाठी असल्यामुळे उरलेल्या भागाला एकेकाळी सरसकट ‘टाकाऊ’ म्हटले गेले. तो निष्कर्ष उतावळा होता. अर्थात त्यातील प्रत्येक तुकडा उपयुक्तच आहे, असे म्हणणेही तितकेच उतावळे ठरेल.

१९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रव्हकन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सुमारे २२ अक्षरांचा सूक्ष्म आरएनए कसे काम करतो ते दाखविले. तो संदेशवाहक आरएनएला जुळून बसतो व विशिष्ट प्रथिनाची निर्मिती रोखतो. हा त्या कृमीपुरताच प्रकार असावा, असे अनेकांना वाटले. २००० मध्ये तसाच दुसरा रेणू मनुष्यासह अनेक प्राण्यांत आढळला. या दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोकणी बागायतदाराला जवळचे वाटेल असे संशोधन मात्र पुण्यात झाले. रायवळ खुंटावर हापूसची काडी बांधणाऱ्याला कलम नवे नाही. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अंजन बॅनर्जी व सहकाऱ्यांनी बटाट्याच्या रोपांची कलमे केली. ‘१५६’ क्रमांकाचा सूक्ष्म आरएनए अन्नरस वाहणाऱ्या नलिकांतून कलमाचा सांधा ओलांडत असावा, असे त्यांना आढळले. त्याबरोबर पानांचा आकार बदलला, त्यांवरील लव लांबली. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवस लहान झाले की ज्या भूमिगत फांद्यांना बटाटे लागतात, त्यांत हा रेणू वाढतो. परंतु संपूर्ण झाडात तो मुद्दाम वाढविला, तेव्हा झाडाची ठेवणच बिघडली आणि बटाट्याचे उत्पन्न घटले.

तेव्हा ‘आरएनए वापरा, पीक वाढवा’ अशी जाहिरात उद्या वाडीत आली, तर चाचणी कोणत्या पिकावर, किती मात्रेत आणि वाढीच्या कोणत्या अवस्थेत झाली, हे आधी विचारावे. कोकण कृषि विद्यापीठ दापोलीतच आहे. विचारायला फार लांब जावे लागणार नाही.