तक्रार शेटचीच असेल तर?

आमच्या बचत गटातली एक जण कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची. मजुरी देताना शेट हात धरायचा, नको ते बोलायचा. तिनं काम सोडलं, दोन आठवड्यांची मजुरीही सोडली. आम्ही म्हणालो, "जाऊ दे, दुसरीकडं बघ." तिथं आमचं चुकलं.

मग जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारलं. २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायांचा नाही. रोजंदारीवाली, घरकामवालीही त्यात येते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली, की मालकानं तक्रार समिती नेमायचीच. पण खळ्यावर बाया-गडी मिळून सातच, आणि तक्रार शेटचीच! अशा वेळी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. अर्ज लेखी लागतो. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. मुदत मात्र शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन.

तिला अडीच महिने होऊन गेले होते. सोमवारीच अर्ज दिला, आम्ही चौघी सोबत होतो. साक्षीदार कोण, असं विचारलं तेव्हा तिनं खळ्यावरच्या दोघींची नावं सांगितली. दोघी तयार आहेत. त्यातली एक अजून तिथंच कामाला जाते.