कातळाखालची जमीन



सिल्वासात बोअर मारायला घेतली की आधी थोडी माती, मग मुरूम आणि मग काळा कातळ. मशीन घरघरत राहतं, राखाडी भुकटी वर येत राहते आणि पाणी लागलं की आपण थांबतो. खानवेलच्या टेकड्या, दमणगंगेचं पात्र, मधुबन धरणाभोवतीचे डोंगर, सगळीकडे हाच कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला हा लाव्हा. म्हणून आपल्याला वाटतं, जमीन म्हणजे कातळच. पण हे नुसतं पांघरूण आहे.

कोयनेच्या परिसरात पांघरुणाखाली काय आहे ते पाहिलं गेलं. १९६७ साली तिथे मोठा भूकंप झाला होता; त्या भूकंपक्षेत्राच्या अभ्यासासाठी अलीकडे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. १२४७ मीटरवर कातळ संपला आणि थेट ग्रॅनाइट आणि पट्टेदार पट्टिताश्म खडक लागले. मध्ये गाळाचा थरसुद्धा नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा ती उघडी, झिजलेली, अडीचशे कोटी वर्षांहून जुनी जमीन होती.

अशी जमीन तयार कशी होते? त्यासाठी विदर्भात जायला हवं. नागपूरजवळचं मनसर, भंडाऱ्यातलं डोंगरी बुजुर्ग ही नावं मँगनीजच्या खाणींमुळे परिचित आहेत. तिथले खडक कधीकाळी पाण्याखालचा गाळ होते: चिखल, वाळू, चुना, मँगनीजयुक्त माती. भारताचा उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा तुकडा एकमेकांवर रेटले गेले, तसा वर डोंगर उभा राहिला आणि तो गाळ गोधडीसारखा दुमडत खोल गेला. वीस किलोमीटरवर सहाशे अंशांच्या आसपास उष्णता आणि वातावरणाच्या हजारो पट दाब. तिथे खडक वितळत नाही, घनच राहतो. आतले अणू मात्र जागा बदलतात. चिखलाचा अभ्रकयुक्त खडक होतो, चुनखडीचा संगमरवर. मँगनीजच्या गाळातून तामडा आणि गार यांचा एक खडक तयार झाला. भूशास्त्रज्ञ लुईस फर्मर यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात त्याला 'गोंडाइट' म्हटलं, तिथल्या गोंड लोकांवरून. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आज हे नाव आहे आणि मला त्याचा फार आनंद वाटतो.

भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन खनिजं सापडतात. दोन्हींचं रसायन अगदी एकच, घडण मात्र वेगळी. दाब जास्त असेल तर कायनाइट टिकतं, उष्णता वाढली की सिलिमनाइट. कुठलं आहे ते पाहून तो खडक साधारण किती खोल आणि किती तापला होता, याचा अंदाज बांधता येतो. डोंगर केव्हाच झिजून गेला, पण त्याच्या मुळाची खूण एवढ्याशा स्फटिकात राहिली.

उष्णता आणखी वाढली की खडकाचा काही भाग वितळतो. तो रस हलका, म्हणून वर सरकतो आणि थिजून ग्रॅनाइट होतो. जड भाग खाली राहतो. खंडांचं कवच असं हलकं होत गेल्यामुळेच ते सहजी बुडत नाही. समुद्राचा तळ पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. आजचा बहुतेक तळ वीस कोटी वर्षांहूनही कमी वयाचा आहे. खंड मात्र अब्जावधी वर्षं टिकतात. वरचा डोंगर झिजेल तसं ओझं कमी होतं, मूळ हळूहळू वर उचललं जातं, आणि एके काळी वीस किलोमीटर खोल असलेला खडक शेताच्या बांधावर येतो. विदर्भातल्या त्या पट्ट्यात शेवटची मोठी उष्णता येऊन गेली सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी. हिमालयाच्या मुळाशी हेच काम आजही चालू आहे.

आपल्या दादरा-नगर हवेलीतून पुष्कळ मंडळी पावागढला कालिकामातेच्या दर्शनाला जातात. तो डोंगर लाव्हाचा, आपल्या कातळाचाच भाऊबंद. पण खाली चांपानेरच्या आसपास जुने, दाबले गेलेले, घड्या पडलेले खडक उघडे आहेत. पांघरुणाची कडा तिथे उचललेली दिसते. पुढच्या खेपेला गड चढण्याआधी घटकाभर तिथे थांबा, आणि सोबत मुलं असतील तर त्यांनाही ते थर दाखवा.