कुणाला काय म्हणायचं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'गाण्यांतला विश्वास'. त्यांच्या मनात सिनेमातली दोस्तीची गाणी असावीत. सहलीच्या बसमध्ये आपण घसा फोडून तीच तर म्हणायचो. पण त्या गाण्यांत विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्नच नसतो. दोस्त आहे म्हणजे ठेवायचा, आणि त्यानं दगा दिला की पियानोपाशी बसून रडायचं. आपल्यापैकी कुणाकडे पियानो नाही, तेव्हा मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईचं गाणं घेते. बहिणाबाईंचं 'कशाला काय म्हणूं नही'.

बहिणाबाई आसोद्याच्या, नांदल्या जळगावात, हे इथं सांगायची गरज नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी, ती जपली होती. त्यांनी ती अत्र्यांना दाखवली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे गेली.

हे गाणं आपण यादीसारखं पाठ केलं होतं. अमक्याला तमकं म्हणू नये, एवढंच. शेवटच्या शब्दाचं यमक जुळतंय म्हणून मजा वाटायची. यमक आपल्या बोलीत जुळतं, हे मात्र पुण्याला गेल्यावर कळलं. आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो, म्हणून मळा आणि डोळा तिच्या तोंडी वेगळे वाजतात. त्यात एक शब्द आहे 'हाय'. माझ्या एका शहरी मैत्रिणीनं त्याचा अर्थ 'उसासा' असा लावला होता. तो हाळ आहे, विहिरीजवळचा, गुरांना पाणी पाजायचा. त्यात पाणी नसेल तर तो हाळ कसला? तहानलेला बैल लांबून बघून येतो तो हाळ या नावावर विसंबून. म्हणजे नाव हेच एक वचन आहे. गाण्याची किल्ली मला इथं सापडते.

कारण पुढं सगळं तसंच आहे. एक वस्तू शेतातली आणि तिच्याशेजारी एक माणसातली. विहिरीतून रिकामी वर येणारी मोट, आणि तिच्या जोडीला फक्त स्वतःलाच भरणारं पोट. मोटेचं काम काय? दुसऱ्याच्या मुळापर्यंत पाणी पोचवणं. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. नाव, पत्ता, सही, फोटो सगळं तपासायचो. त्यातून माणूस कोण ते कळतं, कसा आहे ते नाही. बहिणाबाई पहिला प्रश्न विचारतच नाहीत. मोट वर आली, आता पाणी दाखव, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता जी जागा मला अनेक वर्षं अडली ती सांगते. संपूर्ण गाण्यात चांगल्या नावाला न जागणाऱ्यांची झाडाझडती आहे. मध्येच एक ओळ उलटी येते. वाटेवर पडलेल्या दोरीला सापाचं नाव देऊ नये, असं ती सांगते. इथं दोष दोरीचा नाही, बघणाऱ्याचा आहे. दोरी आणि साप हा वेदान्तातला जुना दृष्टान्त, कीर्तनातून त्यांच्या कानावर आला असेल. पण त्यांनी तो ठेवला कुठे बघा. त्याच दमात, अगदी पुढची ओळ आहे ती पोटची मुलगी विकणाऱ्या बापाची. देवलांचं 'शारदा' नाटक १८९९ सालचं, त्यातला कांचनभट तुम्हाला आठवत असेल. बहिणाबाईंच्या तरुणपणी हे सारं नाटकातच नाही, गल्लीत घडत होतं. दोन ओळी शेजारी वाचल्या की अर्थ पालटतो. माणूस बाहेर दोरीला भिऊन ओरडतो, आणि खरा डंख घरातून, सगळ्यात विश्वासाच्या नावाकडून बसतो. माझ्या मते हे गाणं 'कुणावरही विश्वास ठेवू नका' असं सांगत नाही. भीती चुकीच्या जागी खर्च करू नका, असं सांगतं.

आता मी थोडं अवघड बोलणार आहे. आपल्या भागातली एक पतसंस्था बुडाली. या मांडवात बसलेल्या कितीतरी जणांच्या ठेवी तिच्यात होत्या. दारोदार जाऊन त्या गोळा करणारा आपलाच वर्गमित्र होता. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला काय काय म्हटलं गेलं ते तुम्हाला माहीत आहे. त्यात 'साप' हा शब्दही होता. एका रात्री त्यानं ग्रुप सोडला.

नंतर ठेवीदारांचे अर्ज भरायला मी बसत होते. वीस-बावीस जणांचे भरले, त्यात एक त्याचा होता. त्यानं संस्थेत ठेवलेली शेवटची पावती दार बंद व्हायच्या महिनाभर आधीची होती, शेताच्या तुकड्याचे आलेले सगळे पैसे. बँकेतल्या माणसाला त्या तारखेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्याला आतलं ठाऊक असतं तो त्या महिन्यात पैसे काढतो. ज्यांनी काढले, त्यांना आपण दादा म्हणत होतो, साहेब म्हणत होतो, आणि त्यांचे फोटो चौकात लागले की खाली आपलीही नावं शुभेच्छुक म्हणून असायची.

ज्यांचे पैसे गेले त्यांचा राग खोटा नाही. मुलीच्या लग्नाचे गेले, ऑपरेशनचे गेले. त्याच्या शब्दावर ठेवले होते, हेही खरं. पण शब्द देणारा आणि पैसे नेणारा यांत फरक करायला आपल्या जिल्ह्यातल्या निरक्षर बाईनं आपल्याला शिकवलं होतं, तेही वर्गात, याच शाळेत.

आजच्या मेळाव्याची पत्रिका मी त्याच्या घरी नेऊन दिली होती. त्यानं ती पूर्ण वाचली, संयोजकांची नावंसुद्धा. चहा केला. "बघतो," म्हणाला. तो आलेला नाही.

या गाण्यात हाक ऐकू येऊनही जागचा न हलणारा पाय आहे, त्याला पाय म्हणायला बहिणाबाई तयार नाहीत. त्याचं घर एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आता साडेअकरा झालेत, जेवण दीड वाजता आहे. कुणी निघणार असेल तर मी बरोबर येते.

आपल्या वर्गातल्या दोघीजणी आता हे गाणं आपल्या बोलीत म्हणणार आहेत. माईक त्यांच्याकडे देते.