ढोल खाली ठेवल्यावर काय उरते?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



विषय आपणा सर्वांना ठाऊक आहे. पोरांनी वर्गणीतून ढोल, ताशे आणि ड्रम मागितले आहेत. त्यांना पथक काढायचे आहे, स्पर्धेत उतरायचे आहे. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की तेवढ्या पैशात अभ्यासिकेला कपाट येईल, पुस्तके येतील. काहींनी त्याहून मोठा मुद्दा मांडला. गावकीत आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात हलगी होती. दुसऱ्याच्या लग्नाला, जत्रेला, मयतीला वाजवायचे आणि शिळ्या भाकरीसाठी दारात उभे राहायचे. ती हलगी आपण निग्रहाने टाकली. मग आता पुन्हा वाद्य गळ्यात कशापायी? हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

म्हणून आम्ही ठरवले, की ज्या देशात असल्या पथकांच्या स्पर्धा शंभर वर्षांपासून चालत आल्या आहेत, तिथल्या पोरांना त्यातून काय मिळाले ते आधी बघू. आम्ही काही कॉलेजात शिकलेली माणसे नाही. साचाखात्यात उभे राहायचे आणि पाळी सुटल्यावर वाचायचे, एवढेच आमचे शिक्षण. पण मिळेल ते वाचले, पोरांच्या मोबाईलवर ती पथके बघितली. त्याचा सारांश आपणापुढे ठेवतो.

अमेरिकेत याला ड्रम कोअर म्हणतात. ड्रम, बिगुल आणि निशाणे घेऊन मैदानात वाजवत वाजवत कवायत करणारे हे पथक. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली तिथे माजी सैनिकांची अमेरिकन लीजन ही संघटना निघाली. तिच्या गावोगावच्या शाखांनी लष्करी वळणाची पथके उभी केली. पुढे चर्चची, स्काउटांची, मोहल्ल्यांची पथके निघाली आणि साध्या घरची पोरे त्यात शिरली. पण स्पर्धेचे नियम आणि बक्षिसाचे पैसे माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात होते. तेव्हा १९७१ साली पथकांनीच एकजूट करून ड्रम कोअर इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था काढली. १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्जमेन पथकाने ती जिंकली. युनियन बांधलेल्या माणसाला यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आता ही पोरं करतात काय ते बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत, जून ते ऑगस्ट, बसने गावोगाव फिरायचे. रात्री एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत फरशीवर पथारी टाकायची. दिवसभर उन्हात तालीम, संध्याकाळी स्पर्धा, की पुन्हा बस. मोठ्या पथकात दीडशेच्या आसपास पोरं असतात. आणि अख्खा उन्हाळा वाजवायचे काय? दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम! तोच रोज घासायचा, रोज त्यातली एखादी चूक काढायची.

पूर्वी तिथे गुण देण्याची पद्धत मोठी कडक होती. परीक्षक मैदानात पथकाच्या मधून फिरत आणि प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापत. ही पद्धत १९८४ साली गेली. पण त्यातला हिशोब ध्यानात घ्या. टिपरू एकाचे चुकले तरी गुण सगळ्यांच्या खात्यातून जायचा. असा हिशोब अंगात मुरलेले पोरगं शेजाऱ्याची चूक बघून हसत नाही. रात्री त्याला बाजूला घेऊन शिकवते.

आणि एक नियम आहे, तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला. साधारण एकवीस-बावीस वर्षांचे झाले, की पोराला पथक सोडावेच लागते. मग तो कितीही चांगला वाजवणारा असो. ऑगस्टमधली शेवटची स्पर्धा झाली, की ढोल खाली. पुढे सबंध आयुष्य पडलेले असते. म्हणजे खरा प्रश्न तिथे सुरू होतो. ढोल खाली ठेवल्यावर काय उरते?

चषक तर संस्थेच्या कपाटात राहतो. त्यातले काहीजण शाळांतून संगीत शिकवतात. बाकीचे पोटापाण्याला लागतात, वाद्याला पुन्हा हातही लावत नाहीत. पण पन्नाशी-साठीला आलेली माणसे जुन्या सभासदांच्या पथकात पुन्हा उभी राहतात. कुणी नव्या पोरांच्या स्वयंपाकाला जातो, कुणी सामानाचा ट्रक चालवतो. तीस-चाळीस वर्षांनीही माणूस परत येतो, याचा अर्थ चषकापेक्षा दुसरे काहीतरी त्याच्याबरोबर घरी गेले होते. वेळेवर हजर राहण्याची सवय गेली. थकल्यावरही रांगेतली आपली जागा न सोडण्याची सवय गेली. आपण नसलो तर तिथे भोक पडते, म्हणजे आपली किंमत आहे, ही जाणीव गेली. गरिबाच्या पोराला ही शेवटची गोष्ट फार कमी ठिकाणी मिळते, मंडळी. आम्ही बदली कामगार म्हणून गेटवर उभे राहिलेली माणसे. आज आपण आलो नाही तर कुणाचे अडत नाही, हे रोज ऐकण्याचे दुःख आम्हाला ठाऊक आहे.

मात्र नुसते गोड सांगून आम्ही खाली बसणार नाही. त्याच पथकांनी चार वाईट गोष्टीही दाखवल्या आहेत.

पहिली, कान. ड्रमच्या रांगेत रोज तासन्‌तास उभे राहिले, की कान जातात. साच्यांच्या खडखडाटात आम्ही ओठांवर आणि हातवाऱ्यांवर बोलत होतो. आज आमच्यातल्या कित्येकांना घरातली हाक दोनदा मारावी लागते. गेलेला कान परत येत नाही. कापसाचा बोळा पुरत नाही. त्यासाठी फोमची बुचे मिळतात, ती प्रत्येक पोराला पाहिजेत.

दुसरी, पैसा. अमेरिकेत एका उन्हाळ्यासाठी सभासदाला आता हजारो डॉलर मोजावे लागतात, म्हणजे आपल्या हिशोबाने लाखांत. एकेकाळी शेकड्यांनी असलेली पथके आज काही डझनांवर आली आहेत. ज्या वस्त्यांनी पथके जन्माला घातली, तिथल्याच पोराला आता ती परवडेनात. आपल्याकडे ड्रेसचे पैसे नाहीत म्हणून एक जरी पोरगं दारात उभं राहिलं, तर ते पथक आपले नव्हे.

तिसरी, शिकवणारा. पोरं ज्याला देव मानतात त्याच्यावर कुणाची नजर राहत नाही. १९३४ साली निघालेल्या एका नामांकित पथकाच्या संचालकावर २०१८ साली अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, त्याला जावे लागले. २०२४ साली ते पथकच बंद पडले. म्हणून तालमीला रोज दोन पालक हजर पाहिजेत, त्यात एक आई पाहिजे.

चौथी, मुली. मॅडिसन स्काउट्स हे १९३८ सालचे जुने पथक फक्त मुलग्यांचे होते. २०१९ साली त्यांनी दार सर्वांना उघडायचे ठरवले. ऐंशी वर्षे लागली! आपण तेवढी लावू नयेत. पहिल्याच दिवशी मुलींच्या हातात टिपरू द्या. नुसते निशाण धरायला उभे करू नका.

आता हलगीचा सवाल. तो टाळून चालणार नाही. हलगी वाजवणारे आपले आजे-पणजे काही कमी प्रतीचे कलावंत नव्हते. पण कधी वाजवायचे, कुणापुढे वाजवायचे, कुठे उभे राहायचे, हे दुसरा ठरवत होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. आपण टाकली ती सक्ती. पोरगं स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वस्तीच्या पैशाने वाद्य घेते आणि नको तेव्हा नाही म्हणू शकते, तर त्यात कमीपणा कसला? फक्त एक अट आमची. सुपारी घेऊन कुणा पुढाऱ्याच्या मिरवणुकीत हे पथक नाचवायचे नाही. त्या दिवशी ढोल पुन्हा हलगी झाला असे आम्ही समजू.

तेव्हा आमची सूचना अशी. वर्गणीतले निम्मे पैसे अभ्यासिकेला, निम्मे वाद्यांना. ढोल वाजवून कुणी परीक्षा पास होत नाही, हे पोरांनीही कबूल करावे. परीक्षेच्या महिन्यात तालीम बंद. रात्री दहानंतर वाद्य बंदच, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात तसे आहेच. बावीस वर्षांच्या वर पथकात कुणी नाही. त्याने खाली यायचे आणि धाकट्यांना शिकवायचे. वाद्ये ठेवायची ती अभ्यासिकेच्याच खोलीत. ढोल घ्यायला आलेल्या पोराची नजर पुस्तकांवर पडेल आणि वाचत बसलेल्या पोरीची ढोलावर.

पोरांनो, स्पर्धेत नंबर येईल न येईल. ढोल खाली ठेवाल त्या दिवशी तुमच्यात काय उरले, ते आम्ही बघणार आहोत. आणि वडीलधाऱ्यांनो, ते बघायचे असेल तर आधी ढोल त्यांच्या हातात द्यावा लागेल.

 जयभीम! नमो बुद्धाय!