मौन आणि अबोला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण मला दोन शब्द बोलायला उभे केलेत, आणि मी विषय निवडला आहे न बोलण्याचा! पण न बोलण्याचेही दोन प्रकार आहेत. एक मौन, दुसरा अबोला. वरून दोन्ही सारखेच दिसतात; आतून मात्र त्यांचे गोत्र निराळे.

रमाबाई रानडे १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले, ते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना रुचले नाही. टोमणे झाले, टाकून बोलणे झाले. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही. पण अभ्यास सोडला नाही आणि घरातली माणसेही तोडली नाहीत. हे मौन. पुढे १९०९ साली पुण्यात त्यांनी सेवासदन उभे केले, आणि १९१० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात ते जुने दिवसही सांगितले.

आता अबोल्याचे उदाहरण आमच्या आळीतले. एकीने शेजारणीकडून पुरणयंत्र नेले. ते परत आले, तेव्हा त्याची जाळी वाकलेली होती. शेजारीण तिला काही बोलली नाही. तिसरीजवळ मात्र बोलली. तिसरीने ते पोहोचवताना पदरचे तिखटमीठ लावले. झाले! दोन वर्षे दोघी एकमेकींची चाहूल लागली की दार लावून घेत. पुढे एकीच्या यजमानांना इस्पितळात ठेवावे लागले. मध्ये एकच भिंत. पण शेजारणीला ते कळले चौथ्या दिवशी, दूधवाल्याकडून. ती तशीच डबा घेऊन निघाली. मग उलगडा झाला, की यंत्र मुलाच्या हातून जिन्यात पडले होते आणि त्याने भीतीने आईला सांगितलेच नव्हते. एका वाकड्या जाळीपायी अडचणीचे चार दिवस त्या माउलीने एकटीने काढले.

मैत्रिणींनो, राग आला तर अवश्य गप्प बसावे. पण राग निवेपर्यंतच. मग जिच्याविषयी मनात आहे, तिच्याच दारी जावे. ‘तुम्ही असे केलेत’ असे म्हणू नये. ‘मला असे वाटले’ म्हणावे. पहिल्याने भांडण उभे राहते, दुसऱ्याने समोरचीला खुलासा करायला जागा मिळते. हल्ली असे निरोप फोनवरून चार जणींत फिरतात. पण लिहिलेल्या शब्दाला ना चेहरा, ना आवाज. त्याचा अर्थ जो तो आपल्या मनाप्रमाणे लावतो.

आणि आपल्याजवळ कोणी दुसरीचे गाऱ्हाणे घेऊन आली, तर एवढेच म्हणावे, “बाई, तूच जाऊन सांग. हवी तर मी सोबत येते.” वर्षभरात आपण प्रत्येकीने एकदा जरी अशी सोबत केली, तरी मंडळाचे हे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.