बंधारा जिथं संपतो

(लखनौच्या चिनहट भागात मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या एका छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिनहटमध्ये बसून समुद्राबद्दल बोलायचं म्हणजे जरा गंमतच. इथं मातीच्या भांड्यांची जुनी ओळख आहे, 30 जून 1857 ची लढाई आहे, जवळून गोमती वाहते. समुद्र शेकडो कोस दूर. तरी हा विषय घेतला, त्याला कारण माझा खोलीवरचा बाराबंकीचा मित्र. घाघरेनं त्याच्या मामाचं शेत कापून नेलं, त्याबद्दल बोलताना तो ‘कटान’ म्हणाला. आमच्या मालवणकडे त्याला धूप म्हणतात. शब्द वेगळा, पण त्याच्या मामाच्या आणि माझ्या आजीच्या हातात उरलेले कागद पाहिले तर फरक सापडणार नाही.

माझी वाडी मालवण तालुक्यातली. गावाचं नाव सांगत नाही, आजी अजून तिथंच राहते. शेजारचं देवबाग तुमच्यापैकी काहींनी पर्यटक म्हणून पाहिलं असेल. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि मधे वाळूची एक लांबट पट्टी. काही ठिकाणी समुद्रावरून निघालात तर पाच मिनिटांत खाडीवर पोचता. पट्टीच्या दक्षिण टोकाला नदी समुद्राला मिळते. तिथं ऋतूप्रमाणे वाळू सरकते, बेटं तयार होतात, मोडतात. वाळू सरकणं हा किनाऱ्याचा स्वभावच आहे. पावसाळ्यात लाटा ती ओढून नेतात, हिवाळ्यात बरीचशी परत आणून टाकतात. हिशेब तेव्हा बिघडतो जेव्हा परत येणारी वाळू कमी पडते. नदीवर धरणं झाली, खाडीत हातपाटीच्या जागी सक्शन पंप आले, की समुद्राच्या खात्यात जमा कमी आणि खर्च तेवढाच. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं 1990 ते 2018 या काळाचे उपग्रह नकाशे तपासले. देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे 33 टक्के किनारा झिजतो आहे, महाराष्ट्राचा सुमारे 25 टक्के.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे धूपप्रतिबंधक बंधारा. काळे दगड आणायचे, रचायचे, नारळ फोडायचा. दगडांना माझा सरसकट विरोध नाही. ज्याच्या दारात लाट येते त्याला ‘निसर्गस्नेही उपाय करा’ असं सांगायला मी काही पर्यावरणाच्या परिषदेत बसलेलो नाही. पण बंधारा काय करतो ते समजून घ्या. लाट दगडावर आपटते, तिचा जोर जिरत नाही, ती परत फिरताना पायथ्याची वाळू उकरून नेते. म्हणून बंधाऱ्यापुढचा पुळणीचा पट्टा हळूहळू नाहीसा होतो आणि दगड खचतात. दुसरं, बंधारा जिथं संपतो तिथं लाट वळून कडेनं आत घुसते. टोकापलीकडच्या जमिनीची झीज आधीपेक्षा वाढते. अभियंत्यांना हे जुनंच माहीत आहे.

आता प्रश्न असा, की बंधारा कुठं संपवायचा हे कोण ठरवतं?

आमच्या गावात तो मोठ्या जमीनदारांच्या माडबागा आणि त्यांच्या निवास-न्याहारीच्या खोल्या संपतात तिथं संपला. ‘निधी तेवढाच होता’ असं सांगितलं गेलं, आणि कदाचित खरंही असेल. त्यापुढं आमची बौद्धवाडी. पहिल्या पावसाळ्यात चार माड गेले, दुसऱ्यात विहिरीचं पाणी खारं झालं. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्याला लागलंसुद्धा नाही, लांबून गेलं, तरी उधाणाच्या पाण्यानं आजीची पडवी नेली.

पंचनाम्याला माणूस आला. त्यानं सातबारा मागितला. घर आमचं, असेसमेंट आजोबांच्या नावावर, पण जमीन दुसऱ्याच्या खात्यात. “थंयच जन्मलंय, थंयच लगीन झाला, आणि जागा माझी नाय?” आजीनं विचारलं. तो म्हणाला, “आजी, मी लिहितो, पुढं साहेब बघतील.” साहेबांनी काय बघितलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आयुष्यातला पहिला सरकारी अर्ज लिहिला आणि तो ‘विहित नमुन्यात नाही’ म्हणून परत आला.

ही जमीन दुसऱ्याच्या खात्यात का, याचं उत्तर खोतीत आहे. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 10 जानेवारी 1938 ला कोकणातल्या कुळांचा मोर्चा विधानसभेवर गेला. कायद्यानं खोती गेली ती 1949 मध्ये. पण ज्याचं नाव कसणारा म्हणून कधी कागदावर चढलंच नव्हतं, त्याच्या हातात काय आलं? आमच्या आजोबांच्या हातात झोपडीची जागा आली, तीही तोंडी.

गंमत पुढं आहे. जमीन महसूल संहितेत पाण्यानं वाहून नेलेल्या जमिनीचा सारा कमी करून मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे जमीन समुद्रात गेली तर खातेदाराला काही रुपयांची सूट. ज्याचं खातंच नाही त्याला ती सूटसुद्धा नाही. समुद्र दोघांची जमीन सारखीच नेतो, पण कागदावर एकाचंच नुकसान होतं.

आणि आपत्ती म्हणून मदत? राज्य आपत्ती निधीच्या केंद्रीय यादीत बारा आपत्ती आहेत. वादळ, पूर, दुष्काळ, अगदी कडाक्याची थंडीसुद्धा. धूप नाही. कारण ती एका रात्रीत येत नाही. दरवर्षी दोन हात येते, आणि दोन हातांचा पंचनामा कोण करणार? पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी पहिल्यांदा वेगळी रक्कम सुचवली. धूप रोखण्यासाठी 1,500 कोटी, आणि नदी व समुद्राच्या धुपीनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटी. ‘नदी व समुद्र’ हे शब्द लक्षात ठेवा. घाघरेकाठचा मामा आणि कर्लीकाठची आजी इथं एका ओळीत आले आहेत.

पुनर्वसन म्हणजे तरी काय? ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया गाव समुद्रानं गिळलं. 2018 च्या सुमारास सरकारनं तिथल्या शेकडो कुटुंबांना बागापाटियाला प्लॉट दिले. घर मिळालं, पण शेत आणि मासळी मागं राहिली. तिथली कितीतरी तरुण पोरं कामासाठी परराज्यांत गेली. आमच्या वाडीला उठवायची वेळ आली तर जाऊ, हट्ट नाही. पण जागा कुठं, कुणाच्या नावावर, आणि होडी लावायला किनारा मिळणार का, हे आधी लिहून हवं. गावकुसाबाहेरून उठवून पुन्हा गावकुसाबाहेरच बसवायचं असेल तर त्याला पुनर्वसन म्हणू नका.

इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरात तुम्हीच पहिले पदवीधर. म्हणून एक रुक्ष काम सांगतो. किनारी क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा 1:25,000 या प्रमाणात असतो. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 250 मीटर. देवबागची पट्टी त्यावर काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढीही भरत नाही. आमची वाडी मी भिंगातून शोधली. पुळण होती, सुरूचं बन होतं, रिसॉर्टचा रस्ता होता. आमची सतरा घरं नव्हती. अशा आराखड्यावर हरकती मागवतात, जनसुनावणी होते. हरकत लेखी द्यावी लागते, सर्व्हे नंबरासह. आमच्याकडून एकही गेली नव्हती. सुनावणी आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

या वेळी मी सतरा घरांचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर घेतले, प्रत्येक घराची असेसमेंट, वीजबिल, 1995 च्या आधीची मतदार यादी जोडली. किनाऱ्यावर दोन खुंट्या ठोकल्या, दर अमावास्येला भरतीची रेघ किती आत आली ते शाळेतली पोरं टेपनं मोजून वहीत लिहितात. त्या वहीला अजून कुणी पुरावा मानलेलं नाही. पण वर्षभराच्या नोंदी समोर ठेवल्यावर कार्यालयातल्या बाईंनी पहिल्यांदा खुर्ची पुढं केली.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकला ओडिशाच्या नद्यांविषयी बैठक झाली. जादा पाणी म्हणजे संकट, ते नीट वाट काढून समुद्रात घालवलं की झालं, या जुन्या समित्यांच्या समजुतीलाच त्यांनी तिथं हरकत घेतली आणि धरण, वीज, जलवाहतूक यांचा एकत्र विचार मांडला. आपल्या किनाऱ्याबद्दल असा एकत्र विचार अजून झालेला नाही. वाळूउपशाचा परवाना एक खातं देतं, बंधारा दुसरं बांधतं, सुरू तिसरं लावतं. आणि सुरूची मुळं उथळ, लाटेनं उकरलं की झाड आडवं. वाळू खरी धरून ठेवते ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल. ती पुळणीवर आपोआप पसरते, खर्च शून्य. पर्यटकांना पुळण ‘स्वच्छ’ हवी म्हणून तीच आधी उपटतात. आता बंधाऱ्याच्या टोकापलीकडं, आमच्या बाजूला, बायका तिचे तुकडे लावताहेत. दोन पावसाळे टिकली तर सांगेन.

चहानंतर मी नकाशा इथंच टेबलावर पसरणार आहे. बाराबंकीचा मित्र मामाच्या शेताची खतौनी घेऊन आलाय. ज्यांना सर्व्हे नंबर वाचता येतो त्यांनी थांबा, आम्हाला दोघातिघांची मदत लागेल.